नाताळ हवाही वाटतो, नकोही

नाताळच्या दिवसांबद्दल आलेल्या पत्रांत एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत आली आहे: आनंद होतो, आणि त्याच वेळी जीव घुसमटतो. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. पत्रं जागेअभावी थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आईला जाऊन सात महिने झाले. घरात लहान मुलं आहेत, म्हणून नाताळ नेहमीसारखा करायचं ठरलंय. मलाही तो हवा आहे. पण सजावटीचं खोकं काढायचं म्हटलं की हात उचलत नाही. वडील तर या विषयावर बोलतच नाहीत.

उत्तर : ‘नेहमीसारखा’ हा शब्द आधी बाजूला ठेवा. नाताळात आई काय काय करायची ते लिहायला बसलात तर वीस-पंचवीस कामं सहज निघतील. कुणाला फोन करायचा, येशूजन्माच्या गोठ्याच्या देखाव्यातल्या मूर्ती कशात गुंडाळायच्या, कुणाच्या भेटवस्तूवर काय लिहायचं. यातली निम्मी कुणाच्या नजरेतही आली नसतील. नेहमीसारखा सण करायचा म्हणजे ही सगळी कामं कुणीतरी तिच्यासारखी करायची, आणि जमणार नाही तिथे दर वेळी तिची उणीव टोचून घ्यायची.

सणाच्या तीनेक आठवडे आधी सगळे एकत्र बसा. पाऊण तासापेक्षा जास्त नको, त्यापुढे माणसं थकतात आणि शब्द लागतात. ती यादी समोर ठेवून प्रत्येक कामापुढे तीनपैकी एक लिहा: ठेवायचं, बदलायचं, यंदा सोडायचं. मग प्रत्येकाने, मुलांनीसुद्धा, ज्याच्याशिवाय नाताळ वाटणारच नाही अशी एकच गोष्ट सांगायची. ती काहीही झालं तरी ठेवायची. बहुतेकदा ती अगदी लहान निघते. तारा कुणी लावायचा, किंवा बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत कुणी ठेवायची, एवढीच. जे सोडाल त्यापुढे ‘यंदापुरतं’ असं आवर्जून लिहा. एखादी गोष्ट कायमची गेली असं वाटलं की घरात भांडण पेटतं, आणि ते भांडण ताऱ्यावरून नसतंच.

वडिलांना “तुम्हाला काय वाटतं?” असं विचारू नका. दुःखात एवढा मोकळा प्रश्न पेलत नाही, म्हणून माणूस गप्प बसतो. दोन पर्याय द्या: “तारा रविवारी लावू की पुढच्या शनिवारी?” “मध्यरात्रीच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जायचं की सकाळच्या?” एवढ्याचं उत्तर देता येतं, आणि त्यातून पुढचं बोलणंही कधीकधी निघतं.

खोकं सणाच्या आदल्या संध्याकाळी उघडू नका. मोकळा दिवस, सकाळची वेळ, आणि सोबत एक माणूस असू द्या. आत तिच्या हातची चिठ्ठी निघेल, तिने बांधलेली गाठ निघेल. त्या दिवशी फक्त लावायचं आणि परत ठेवायचं एवढेच दोन ढीग करा. टाकून काय द्यायचं, हे ठरवण्याचा तो दिवस नव्हे.

तिची आठवण काढण्याची वेळही आधी ठरवा, आणि ती कार्यक्रमाच्या सुरुवातीला ठेवा. एक मेणबत्ती, दोन-तीन मिनिटं, कोण बोलणार ते ठरलेलं. शेवटी ठेवलीत तर सगळी संध्याकाळ त्या क्षणाची धास्ती बसते. काहीच ठरवलं नाही तर कुणाच्या तरी तोंडून तिचं नाव निघतं आणि सगळे ताटाकडे बघत बसतात. शिवाय घरातली एक खोली रिकामी ठेवा, म्हणजे कुणालाही कारण न सांगता दहा मिनिटं जाऊन बसता येईल.

मुलांची काळजी मोठ्यांना वाटते तेवढी अवघड नाही. मुलं सलग दुःखात राहत नाहीत. पाच मिनिटं रडतात आणि खेळायला पळतात. त्यांना सरळ सांगा, “आजीची आठवण येते म्हणून रडू येतंय, आणि तू केलेला तारा बघून छानही वाटतंय.” मोठ्यांचंही खरं तर असंच चालतं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी 1999 मध्ये मांडलं, की शोक करणारं माणूस दुःखाकडे आणि पुन्हा रोजच्या जगण्याकडे असं सतत येत-जात असतं, आणि हे येणं-जाणंच त्याला सावरतं. हसू आलं म्हणून आईला विसरलात असं होत नाही.

आणखी एक. नाताळ म्हणजे नुसता आनंद, ही समजूत चर्चच्या पंचांगात नाही. आगमनकाळाचा (नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळाचा) रंग जांभळा आहे, म्हणजे आत्मपरीक्षणाचा आणि वाट पाहण्याचा. आणि 25 डिसेंबरनंतर तीनच दिवसांनी, 28 तारखेला, हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा स्मरणदिन येतो. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) त्या प्रसंगी मुलांसाठी रडणारी, सांत्वन नाकारणारी राहेल, इस्राएल लोकांची पूर्वज आई, आहे. अनेक चर्चमध्ये 21 डिसेंबरच्या सुमारास, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, शोकात असलेल्यांसाठी शांत उपासना होते. तुमच्या चर्चमध्ये होत नसेल तर धर्मगुरूंना विचारून पाहा. दहा माणसं आणि थोड्या मेणबत्त्या एवढ्यावर ती होऊ शकते.

पुढच्या वर्षाचीही तयारी ठेवा. पहिल्या वर्षी लोक जपतात, फोन करतात. दुसऱ्या वर्षी ते थांबतं, म्हणून अनेकांना दुसरा नाताळ अधिक जड जातो.

प्रश्न : माझा विश्वास उरलेला नाही, तरी कॅरल (नाताळचं गाणं) कानावर पडली की डोळे भरतात. घरच्यांबरोबर चर्चमध्ये गेलो तर ते ढोंग होईल का?

उत्तर : डोळे भरणं हे ढोंग असूच शकत नाही, ते ठरवून करता येत नाही. लहानपणापासून दर वर्षी त्याच दिवसांत, त्याच माणसांच्या सोबतीने ऐकलेली चाल त्या आठवणींना घट्ट चिकटलेली असते. विश्वास गेला तरी ती चाल आणि ती माणसं मनातून जात नाहीत.

जाऊ की नको असं एकदम ठरवण्यापेक्षा उपासनेचे भाग वेगळे करून पाहा. गाणं, शांत बसणं, मेणबत्ती धरणं, शेजारच्याला शांतीच्या शुभेच्छा देणं, यात तुम्ही मनापासून सामील होऊ शकता. विश्वासाचा अंगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) मोठ्याने म्हणणं आणि प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ दिलेली भाकर आणि द्राक्षारस) घेणं वेगळं आहे. तिथे तुम्ही काहीतरी कबूल करत असता. ते म्हणू नका, घेऊ नका, जागेवर बसून राहा. हा तुमचा आणि विश्वासणाऱ्यांचा, दोघांचाही मान आहे.

बहुतेक घरांत चूक होते ती सांगण्याच्या वेळेची. चर्चच्या दारात किंवा जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला की तो आरोपासारखा ऐकू येतो. आठवडाभर आधी, एकाच माणसाला, शक्यतो आईला किंवा वडिलांना एकटं गाठून सांगा: “मी येणार आहे, तुमच्याबरोबर गाणार आहे, प्रभुभोजनाला मात्र उठणार नाही. तेव्हा मला खुणावू नका.” आधी कळलं की त्यांना चारचौघांत धक्का बसत नाही.

आणि 25 डिसेंबर ही तारीख शुभवर्तमानांत नाही, ती पहिल्यांदा 354 सालच्या एका रोमन पंचांगात सापडते, ही माहिती खरी असली तरी सणाच्या दिवशी ती घरच्यांना ऐकवू नका. त्यांचा विश्वास तारखेवर उभा नसतो, आणि तुमच्या मनातला गुंताही त्याने सुटणार नाही.

प्रश्न : दर डिसेंबरला मन खचतं. खूप झोप येते, कुणाला भेटावंसं वाटत नाही. मी थंड, अंधाऱ्या हिवाळ्याच्या देशात राहते. हे नाताळामुळे की हवामानामुळे? या दिवसांत आत्महत्या वाढतात असंही वाचलं, त्याची भीती वाटते.

उत्तर : आधी कारण वेगळं करू. एका वहीत तीन रकाने करा: तारीख, झोपेचे तास, आणि मनाची स्थिती 1 ते 10 मध्ये. सहा आठवडे रोज लिहा. मन ऑक्टोबर-नोव्हेंबरपासूनच उतरायला लागलं, झोप आणि भूक वाढली, फेब्रुवारी-मार्चपर्यंत हे टिकलं आणि दर वर्षी तसंच होत असेल, तर संशय ऋतुजन्य नैराश्याचा. नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये त्याचं वर्णन केलं. उलट आमंत्रणं, खरेदी, नातेवाइकांचे फोन सुरू झाल्यावर मन बिघडलं आणि जानेवारी उजाडताच हलकं झालं, तर त्रास सणाचा आहे. दक्षिण गोलार्धात नाताळ भर उन्हाळ्यात येतो. तिथे डिसेंबरात खचणाऱ्याला अंधाराचं कारण देताच येत नाही. दोन्ही कारणं एकत्रही असतात.

प्रकाशाचा दिवा वापरायचा तर नीट वापरा. 10,000 लक्सचा (लक्स हे उजेडाचं माप), अतिनील किरण गाळणारा दिवा, उठल्यापासून तासाभरात, 20 ते 30 मिनिटं. डोळे उघडे हवेत, पण दिव्याकडे टक लावायची नाही; तो थोडा बाजूला ठेवून वाचा किंवा नाश्ता करा. अंतर उत्पादकाने लिहिलेलंच ठेवा, बहुधा 40 ते 60 सेंटिमीटर असतं. सर्वाधिक चूक इथेच होते: दिवा खोलीच्या कोपऱ्यात ठेवतात आणि उपयोग नाही म्हणतात. अंतर दुप्पट झालं की उजेड साधारण चौथाईवर येतो. दुसरी चूक, तो संध्याकाळी लावणं; त्याने झोप पुढे ढकलली जाते. गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, द्विध्रुवी विकार (कधी अतिउत्साह, कधी नैराश्य) असेल, किंवा प्रकाशाची संवेदना वाढवणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. दिवा नसेल तर दिवसा अर्धा तास बाहेर चाला. भरदिवसा ढग असले तरी बाहेर हजार लक्सच्या वर उजेड असतो. घरातला दिवा बहुधा दोन-तीनशेच्या पुढे जात नाही.

वाचलेल्या बातमीबद्दल: अमेरिकेतली आकडेवारी वर्षानुवर्षं उलटं सांगते. तिथे डिसेंबर हा सर्वांत कमी आत्महत्या होणाऱ्या महिन्यांपैकी आहे. त्या वाढतात वसंतात आणि उन्हाळ्यात. म्हणजे नाताळ आला म्हणून तुमच्यावर संकट येणार असं काही नाही. पण जगणं नको वाटतंय, असा विचार तुमच्या मनात खरोखर येत असेल, तर आकडे बाजूला ठेवा आणि आजच्या आज जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना सांगा. रात्र असेल तर तुमच्या देशातल्या तातडीच्या मदतसेवेला फोन करा, सकाळची वाट पाहू नका. आणि खचलेपण दोन आठवड्यांहून अधिक सलग राहिलं तर तेही दाखवायलाच हवं.

प्रश्न : भेटवस्तूंचा ताण येतो. आम्ही अकरा जण, प्रत्येकाने प्रत्येकाला द्यायचं. पैसा जातो, आणि निम्म्या वस्तू तशाच पडून राहतात. कमी करू म्हटलं तर कंजूष ठरेन.

उत्तर : अकरा जणांनी एकमेकांना द्यायचं म्हणजे 110 वस्तू. हा आकडा घरात मोठ्याने सांगा, अर्धं काम तिथेच होईल. वस्तू पडून राहतात यात तुमच्या घराचा दोष नाही. जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने 1993 मध्ये अंदाज मांडला होता, की भेटीवर खर्च झालेल्या पैशातला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग वाया जातो, कारण घेणाऱ्याला ती वस्तू तेवढ्या मोलाची वाटत नाही.

चिठ्ठी काढा, एकाने एकालाच द्यायचं. मात्र टोपीत नावं टाकून प्रत्येकाने उचलायची ही पद्धत फसते. माणसं चार असोत वा चाळीस, कुणालाच स्वतःचं नाव न येण्याची शक्यता सुमारे 37 टक्केच असते, त्यामुळे बहुतेक वेळा चिठ्ठ्या पुन्हा टाकाव्या लागतात आणि दुसऱ्या फेरीपर्यंत गुपितं फुटतात. त्याऐवजी घराबाहेरच्या एखाद्याला अकरा चिठ्ठ्या पिसून एका ओळीत मांडायला सांगा. प्रत्येकाने ओळीतल्या पुढच्याला द्यायचं, शेवटच्याने पहिल्याला. त्या माणसाने ज्याचं त्याला खासगीत कळवायचं. पहिल्याच खेपेला जमतं. नवरा-बायको शेजारी आले तर त्यांतली एक चिठ्ठी ओळीतल्या दुसऱ्या कुणाच्या चिठ्ठीशी बदलून पुन्हा पाहायचं.

रकमेची कमाल मर्यादा ठरवा आणि किमानही ठरवा. नुसती कमाल असेल तर कुणी दहावा हिस्सा खर्च करतं आणि दोघंही ओशाळतात. प्रत्येकाने उपयोगाच्या तीन वस्तू लिहून द्याव्यात. लहान मुलांना यातून वगळा, त्यांना सगळ्यांनी मिळून एक द्या.

कंजूष ठरण्याची भीती उशिरा सांगितल्यामुळे खरी होते. आगमनकाळाचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो, त्याच्या दोन आठवडे आधी निरोप जाऊ द्या, कुणाची खरेदी व्हायच्या आत: “यंदा 110 ऐवजी 11 भेटी देऊ या. वाचलेल्या वेळात एक दुपार सगळे एकत्र घालवू. पटत नसेल त्याने मला फोन करावा.” यात पैशाची तक्रार नाही, आणि बदल्यात काय मिळणार तेही आहे. कुणी तरीही जास्तीची वस्तू आणलीच तर आनंदाने घ्या आणि परतफेड करू नका. परतफेड केलीत की पुढच्या वर्षी पुन्हा 110.

प्रश्न : 26 तारखेला अगदी रितं वाटतं. सजावट तेव्हाच उतरवून टाकावीशी वाटते.

उत्तर : महिनाभर चढलेला ताण एका दिवसात उतरतो, झोप पुरेशी झालेली नसते, कधी आदल्या रात्रीचं मद्यही असतं. पहिल्या दिवशी फक्त झोपा आणि पाणी प्या. सजावट त्या रितेपणात उतरवू नका. घाईत दिव्यांच्या माळा गुंततात, आणि उघड्या भिंती बघून मन आणखी पडतं. नाताळचा काळ 25 डिसेंबरपासून बारा दिवसांचा आहे, 6 जानेवारीला प्रकटीकरणाचा सण (पूर्वेकडचे ज्ञानी लोक बाळ येशूला भेटल्याचा) येईपर्यंत. एखादी भेट किंवा फोन मुद्दाम 28 किंवा 29 तारखेसाठी राखून ठेवा. 6 तारखेला माळा काढाल तेव्हा त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा आणि खोक्यावर लिहा, आत काय आहे आणि कोणता दिवा गेलेला आहे.