कवटीतली गाठ : आधी सुई की थेट शस्त्रक्रिया?

प्रश्न : माझ्या ४५ वर्षांच्या बहिणीच्या कपाळावर हाडासारखी टणक गाठ आहे. दुखत नाही, पण दोन वर्षांत वाढली. सीटीच्या रिपोर्टमध्ये ‘हाडातला हिमँजिओमा असावा’ असं लिहिलंय. आधी सुईने तुकडा काढून तपासावा का?

उत्तर : चित्र स्पष्ट असेल तर नको. हिमँजिओमा म्हणजे हाडाच्या आत माजलेलं रक्तवाहिन्यांचं जाळं. कर्करोग नव्हे, पण सुईत बहुतेक रक्तच येतं; निदान होत नाही आणि रक्तस्राव मागे लागतो.

सीटी १ मिलिमीटरच्या कापांचा आणि हाडासाठीच्या सेटिंगमध्ये पाहिलेला हवा. त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी किंवा चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसतात. कवटीच्या हाडाचा बाहेरचा पदर फुगलेला असतो, आतला बहुधा शाबूत. ऑस्टिओमा (घट्ट हाडाचीच साधी गाठ) एकसंध पांढराशुभ्र दिसतो, तर फायब्रस डिस्प्लेशिया (हाडाच्या जागी तंतुमय भाग वाढण्याचा आजार) दुधी काचेसारखा धूसर. आतला पदर फुटला असेल तर कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध, ज्याने चित्र उठून दिसतं) देऊन एमआरआय करावा. पूर्वी कुठलाही कर्करोग झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पसरलेला कर्करोग कधीकधी असाच दिसतो.

लहान, न वाढणारी गाठ नुसती लक्षात ठेवली तरी चालते. तुमच्या बहिणीची वाढतेय, म्हणून काढणं योग्य. छेद केसांच्या रेषेमागे घेतात. गाठीभोवतीचं सुमारे १ सेंटिमीटर निरोगी हाड सोबत घेऊन कवटी कापतात आणि गाठ अख्खी उचलतात. खरवडून काढायला गेलं की भळाभळा रक्त येतं, शिवाय उरलेल्या भागातून गाठ पुन्हा वाढते. कापलेल्या कडांना बोन वॅक्स (हाडातलं रक्त थांबवणारं मेण) लावतात, मेंदूच्या आवरणावरच्या वाहिन्या डागतात. फार मोठ्या गाठीचा रक्तपुरवठा आदल्या एकदोन दिवसांत कॅथेटरने (रक्तवाहिनीतून घातलेल्या बारीक नळीने) बंद करून घेता येतो.

खड्डा त्याच वेळी टायटॅनियमच्या जाळीने किंवा बोन सिमेंटने (घट्ट होणाऱ्या वैद्यकीय प्लास्टिकच्या लगद्याने) भरतात. सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापतं. ते आवरणाला भाजू नये म्हणून गार सलाइन सोडत राहतात. काढलेलं हाड पॅथॉलॉजीला गेलंच पाहिजे, पक्कं निदान तिथंच होतं.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलाच्या डोक्यावर मधोमध मऊ गाठ आहे, रडला की फुगते. साधी गाठ समजून काढून टाकावी का?

उत्तर : अजिबात नाही, सुईही नको. रडताना फुगते म्हणजे ती आतल्या शिरेशी किंवा मेंदूच्या आवरणाशी जोडलेली असू शकते. आधी एमआरआय आणि शिरांचा एमआर व्हेनोग्राम करून न्यूरोसर्जनला दाखवा. डर्मॉइड गाठ (जन्मतः आत अडकलेल्या कातडीच्या पेशींची) रडल्याने फुगत नाही, पण तिच्यातूनही कधीकधी आत वाट गेलेली असते. म्हणून मधोमधची कुठलीही गाठ स्कॅनशिवाय कापू नये.