फिटर निवडताना चिकाटी कशी पारखावी?

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं वर्कशॉप आहे. फिटरच्या एका जागेसाठी आयटीआय झालेली सहा मुलं आलीत. चिकाटी आहे असं सगळेच म्हणतात. खरी कुणाची, हे कसं कळावं?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : हातात कानस द्या. ५१ मिमी चौरस, १० मिमी जाड माइल्ड स्टीलचा तुकडा घ्या. लगतच्या दोन कडा आधीच मिलिंग केलेल्या असाव्यात. उरलेल्या दोन घासून माप ५० मिमीवर आणायचं, फरक ०.१ मिमीपर्यंत चालेल, कोन काटकोन. वेळ दोन तास. कानशीची मूठ पक्की आहे ना, ते आधी बघा.

नवशिक्याचा हात झुलतो, म्हणून कडेची टोकं खाली जातात आणि मध्ये फुगवटा राहतो. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून उजेडाकडे धरला की दोन्ही टोकांना प्रकाश दिसतो. इथून पुढे नीट बघा. एक जण आणखी जोर लावतो आणि माप ४९.८ वर उतरतं. दुसरा थांबतो, तारेच्या ब्रशने दातांतला कीस काढतो, खडू चोळतो, घासण्याची दिशा बदलून उंचवटा शोधतो, दर दहा-बारा हातांनी माप घेतो. चिकाटी ही. पहिल्याचा नुसता घाम गेला. "साहेब, बिघडलं, दुसरा तुकडा द्या" असं तासाभराने सांगणाऱ्याला तुकडा जरूर द्या. चूक लपवणाऱ्यापेक्षा तो कितीतरी बरा.

मुलाखतीत सहाही जणांना तेच प्रश्न : कुठलं काम अडलं? मग काय केलंत? किती दिवस लागले? हत्यारं, मापं, दिवस सांगणारं उत्तर धरा. मुलाखत घेणाऱ्या दोघांनी वेगवेगळे १ ते ५ गुण द्यावेत, चर्चा नंतर. कंत्राट संपल्यामुळे नोकरी बदलली असेल तर गुण कापू नका, तो अन्याय होईल.

चिकाटीची छापील प्रश्नावली मात्र नको. २००७ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांच्या संशोधनाने अशा मोजणीला नाव मिळवून दिलं. २०१७ च्या एकत्रित आढाव्यात हा गुण बराचसा कर्तव्यदक्षतेशीच मिळताजुळता निघाला. शिवाय नोकरी हवी असलेला माणूस स्वतःबद्दल चांगलंच भरणार. १०० पैकी २० गुण चिकाटीला पुरेत, बाकीचे मापाला आणि हातातल्या कौशल्याला.

आणि चाचणी म्हणून तुमच्या ऑर्डरचा माल घासून घेऊ नका. दोन तासांची मजुरी सहाही जणांना द्या.