पैसे आधी, पाणी नंतर

पोरी,

तुझा मेसेज येऊन चार दिवस झाले. उत्तर लगेच लिहिलं नाही, कारण लगेच लिहिलं असतं तर नुसतं रागावले असते. "मॅडम, एक जण म्हणतायत धरमतर ते गेटवे पूर्ण केलंस तर मूकबधिर शाळेला एक लाख देतो, नाही केलंस तर काही नाही. बाकीचे किलोमीटरमागे शंभर-दोनशे देणार आहेत. घेऊ का? आणि मधेच बाहेर यावं लागलं तर शाळेला काय सांगू?" असं विचारलंयस. दुसरा प्रश्न मनात आला, तिथेच पहिल्याचं उत्तर मिळायला हवं होतं. नको घेऊस. पैसे आधी, पाणी नंतर.

धरमतरच्या खाडीपासून मुंबईच्या गेटवेपर्यंत पोहायचे छत्तीस किलोमीटर तुला झेपतील का, यावर मी एक ओळही लिहिणार नाही. तुझा हात मी सहा वर्षं बघतेय. झेपतील. प्रश्न तो नाहीच.

त्या गृहस्थांना सरळ सांग, काका, शाळेला द्यायचे असतील तर आज द्या, पंचवीस हजार द्या, पाच द्या. मुलांच्या श्रवणयंत्राचा माझ्या हातांशी काय संबंध? मी मधेच, रेवसला, बाहेर आले म्हणून त्या मुलांना कमी ऐकू यायला हवं का? ऐकायला वाईट वाटेल, वाटू दे. ही देणगी नाही, पैज आहे. पैज शर्यतीच्या घोड्यावर लावतात.

आता माझी गोष्ट. तुला अर्धीच माहीत आहे, तलावावरच्या सगळ्यांना अर्धीच माहीत आहे.

मी चौतीस वर्षांची होते. मुलींच्या एका वसतिगृहाला बोअरवेल आणि संडास बांधून द्यायचे होते. कागदावर त्रेचाळीस हजार जमले होते, त्या काळी पुष्कळ. सगळे "गेटवेला पाय लागले की". तारीख धरली होती माघ वद्य चतुर्थी. तिथीची पाऊणपट केली की मुंबईची भरतीची वेळ निघते, हे तुला कोळीवाड्यातलं कुठलंही पोर सांगेल. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, धरमतरला थोडं मागेपुढे. पाणी उतरायला लागलं की त्याच्या पाठीवर बसून खाडीतून बाहेर पडायचं, नऊच्या आत खाडीच्या तोंडाशी असलेलं रेवस-करंजा मागे टाकायचं आणि मग चढत्या पाण्याबरोबर गेटवे गाठायचं. सगळा हिशोब एवढाच. ओहोटी तुला बाहेर सोडते, भरती आत नेते. यात पोहणाऱ्याचा मोठेपणा किती आणि चंद्राचा किती, ते तूच ठरव.

तीनला मी ग्रीस चोपडून जेट्टीवर उभी होते. काखेत, मानेवर, मांड्यांच्या आत, सगळीकडे. अंगावर पोहण्याचा पोशाख आणि वर कुणाची तरी शाल. थंडी होती. आणि मुख्य देणगीदार यायचे होते. त्यांना नारळ फोडायचा होता, फोटो काढायचा होता. बोट चालवणारा तांडेल दोनदा येऊन म्हणाला, "ताई, पानी चाललं." मला दिसत होतं ना! खांबावरची ओली रेघ खाली सरकत होती, खालचा चिखल उघडा पडायला लागला होता. पण अठरा हजार त्या एका माणसाचे होते. सव्वाचारला गाडी आली. साडेचारला मी पाण्यात. दीड तासाची ओहोटी मी नारळाला वाहिली.

पुढचं सांगायलाही नको. खाडीच्या तोंडाशी पोचले तोवर पाणी फिरलं आणि उलटं आत शिरायला लागलं. करंजाचा तोच किनारा मी तासभर बघत होते, तेच एक झाड. तिथेच थांबायला हवं होतं. नाही थांबले. कशीबशी बाहेर पडले, आणि मग बंदरातलं चढतं पाणी मिळालं, तेव्हा वाटलं जमलं. दुपारी गेटवेचा घुमट, मागे ताजचा मनोरा, सगळं दिसत होतं.

तीन वाजून गेल्यावर जहाजांनी तोंडं फिरवली.

हे नीट लक्षात ठेव, कारण पाण्यातून तुला दुसरं काहीच कळत नाही. नांगर टाकलेलं जहाज प्रवाहाकडे तोंड करून उभं राहतं. भरती येत असते तोवर त्यांची नाकं समुद्राकडे असतात. पाणी उतरायला लागलं की एकेक जहाज सावकाश वळतं, झोपेत माणूस कूस बदलतो तसं. मी श्वास घ्यायला मान वळवली की एक जहाज थोडं वळलेलं, पुढच्या वेळी आणखी थोडं. मला कळलं होतं. निरीक्षकांना कळलं होतं. माझे हात मिनिटाला बासष्टवरून अठ्ठेचाळीसवर आले होते आणि ग्लुकोजची बाटली दोरीने सोडली तर ती धरताना मी काहीतरी असंबद्ध बडबडत होते, असं नंतर सांगितलं. त्यांनी बाहेर यायला सांगितलं. मी नाही म्हटलं. पुन्हा सांगितलं. मी पाण्यात तोंड घालून पोहत राहिले. पन्नास मिनिटं. एका जागी.

डोक्यात काय होतं, खोटं नाही सांगत. वसतिगृहातल्या मुली नव्हत्या. आकडा होता, त्रेचाळीस हजार.

शेवटी तांडेलाच्या धाकट्याने पाण्यात उडी मारली आणि मला होडक्याशी ओढत आणलं. लाट आली, होडकं मोठ्या बोटीवर आपटलं, मधे त्याचा हात होता. उजव्या हाताची दोन बोटं गेली. सतरा वर्षांचा होता. जाळं विणायचा.

दवाखान्याचा सगळा खर्च मी केला. नंतरही तीन वर्षं देत होते. त्याचा बाप मला कधी काही बोलला नाही. आणि उशीर माझ्यामुळे झाला नव्हता, हेही खरं आहे. मी पहाटे तीनला तयार होते, त्याला साक्षीदार आहेत. नारळ मी मागितला नव्हता. लोक म्हणतात बाई हट्टी म्हणून झालं. हट्टी नसते तर धरमतरजवळच्या वडखळचं तोंडही बघितलं नसतं त्या जमान्यात, बायकांनी खाडीत उतरायचं म्हणजे... असो. हे मी तुला का सांगतेय कुणास ठाऊक. थांबायला हवं होतं, एवढंच.

त्रेचाळीसातले दोन हजार सहाशे आले. ज्यांनी अट घातली नव्हती, त्यांचे. बोटींचा खर्च अकरा हजार. बोअरवेल पुढे सरकारी योजनेतून झाली, माझा काडीचा संबंध नाही.

म्हणून पैसे आधी, पाणी नंतर. तुला वाटेल मॅडमचं एकच पालुपद. आहेच एक. शाळेच्या ट्रस्टच्या खात्यात थेट पैसे जाऊ देत, तुझ्या जीपेवर एक रुपया येता कामा नये. शाळेच्या ट्रस्टकडे ८०जी, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची मान्यता, आहे का ते विचार, असेल तर जुन्या करपद्धतीने कर भरणाऱ्या देणाऱ्याला करात सवलत मिळते, मात्र रोख दोन हजारांच्या वर नको, त्यावर ती सवलत नाही. बोटी, डिझेल, परवानग्या, निरीक्षकांचा खर्च, हे वेगळं मागायचं आणि "हे माझ्या पोहण्यासाठी" असं स्पष्ट सांगून मागायचं. लाज वाटली तर कमी जमेल. जमू दे. शाळेच्या नावाने गोळा करून डिझेलात घालणारे मी बघितलेत, हारतुरे घालून घेणारे. आणि नारळ फोडायचा तर आदल्या संध्याकाळी फोडा म्हणावं.

असं केलं तर कोण देणार, हा तुझा पुढचा प्रश्न. देतात गं. नेदरलँड्सचा मार्टेन व्हान डर वेडेन वाच. २००१ मध्ये ल्युकेमिया झाला, त्यातून उठून २००८ ला बीजिंगमध्ये दहा किलोमीटरचं सुवर्ण. २०१८ मध्ये कॅन्सर संशोधनासाठी फ्रीसलँडमधल्या अकरा शहरांचा सुमारे दोनशे किलोमीटरचा जलमार्ग पोहायला निघाला. पंचावन्न तासांनी, १६३ किलोमीटरवर त्याला थांबावं लागलं. तरी लाखो युरो जमले. लोकांनी माणसाला दिले, शेवटच्या सदतीस किलोमीटरला नाही. पुढच्या वर्षी त्याने ते पूर्णही केलं, पण तो भाग मला तेवढा महत्त्वाचा वाटत नाही.

आणि आरती साहा. तुझ्याच वयाची. ऑगस्ट १९५९ मध्ये इंग्लिश खाडीत पायलट बोटच उशिरा आली, इंग्लंडचा किनारा जवळ दिसत असताना प्रवाह उलटा झाला आणि तिला बाहेर यावं लागलं. बाहेर आली म्हणून महिन्याभराने, २९ सप्टेंबरला, पुन्हा उतरू शकली आणि खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई स्त्री ठरली. बोटीच्या उशिराची गोष्ट मी माझी बाजू मांडायला सांगत नाहीये. थोडी सांगतेय.

जेलीफिश, प्लास्टिकच्या पिशव्या, डिझेलचा वास, रात्री हातामागे चमकणारं पाणी, हे सगळं तुला कळेल, त्यावर काय लिहायचं. एकच शिकून ठेव, जहाजांची नाकं वाचायची. एखाद्या रविवारी गेटवेच्या कठड्यावर चार तास बस आणि बघ. मोबाईल घरी ठेव.

तांडेल कुणी बघितला नसशील तर मी एक सांगते. पन्नाशीला आलाय, खाडी त्याला तोंडपाठ आहे. उजव्या हाताला तीन बोटं आहेत. "पानी चाललं" म्हणाला की उतरायचं, "पोरी, वर ये" म्हणाला की वर यायचं. पैसे शाळेला पोचलेत का, हे तो तुला आधी विचारेल. पोचले नसतील तर होडी सोडणार नाही, तसं मी त्याला कधीच सांगून ठेवलंय.

रविवारी सकाळी सहाला तलावावर ये. शाळेची पावती आण. मोबाईलवरचा फोटो नको, कागद आण.

तुझी,
मॅडम