हवेचा माग काढ

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

बसच्या पोटात काय चालतं ते बघायचंय, इंजिनापासून सुरुवात करू का, असं तू विचारलंयस. इंजिन सध्या राहू दे. आधी ब्रेक लावणाऱ्या हवेचा माग काढ.

भल्या सकाळी बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर जा. चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्या गाडीजवळ उभं राहा. गाडी चालू करून ड्रायव्हर लगेच निघत नाही, हवेच्या दाबाच्या काट्याकडे बघत बसतो. कॉम्प्रेसर टाक्यांत हवा भरत असतो. काटा सात-आठ किलोवर गेला की खालून 'फुस्स' होतं: टाक्या भरल्या, जादा हवा बाहेर पडली.

मग डेपोत परवानगी काढून पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात, उतर. मिस्त्री कन्नड बोलणारे असतील तर हवेला 'गाळी' म्हण, ते कौतुकाने दाखवतील. चाकांना ठोकळे लावलेत ना, ते स्वतः बघ. मागच्या चाकाच्या आतल्या अंगाला डब्यासारखा गोल बूस्टर दिसेल. वर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांग. बूस्टरचा रॉड बाहेर येतो, त्याला जोडलेला तरफेसारखा स्लॅक अ‍ॅडजस्टर फिरतो, त्याच्या टोकाचा इंग्रजी एस अक्षरासारखा कॅम लायनर, म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर, पसरवून चाकाच्या ड्रमला टेकवतो. रॉड फार बाहेर आला तर समज, लायनर झिजलाय किंवा अ‍ॅडजस्टमेंट ढिली पडलीय. घाट उतरताना हाच फरक जिवावर बेततो.

मागच्या बूस्टरमध्ये दणकट स्प्रिंगही असतो. हॅन्डब्रेक सोडल्यावर हवाच त्याला दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटतो आणि चाक अडवतो. हा विचार मूळचा आगगाडीचा. जॉर्ज वेस्टिंगहाऊस या अमेरिकन संशोधकाने १८६९ मध्ये हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा नळी फुटली की ब्रेकच जायचा. १८७२ मध्ये त्याने ते उलटं केलं: नळी फुटली की ब्रेक लागणार. मला आजही यापेक्षा सुंदर काही दिसत नाही. पण तो बूस्टर उघडायला कधीही हात लावू नकोस, स्प्रिंग उसळला तर माणूस मरतो.

हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन टाकीच्या तळाशी साचते. हेल्पर असताना एका पावसाळ्यात ते सोडायचं मी विसरलो. खानापूरच्या अलीकडे व्हॉल्व्ह अडकला, ब्रेक सुटेचना. शाळेची पोरं दोन तास पावसात उभी होती. त्यांची भिजलेली दप्तरं मला अजून दिसतात.

तेव्हा टाकीचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी सोडायची तोटी, उघडायला सांग आणि खाली हात धर. पाणी किती आलं, तेलकट होतं का, ते मला कळव.

तुझा,
काका