खोडलेली ओळ पुन्हा लिही

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

नेरुळच्या चाणक्य तळ्यावर तुला एप्रिलअखेर विटकरी पोटाचे, बाकदार चोचीचे छोटे पक्षी दिसले. पक्षी पाहणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलंस, तर "फोटो टाक" म्हणाले. फोटो नव्हता, म्हणून वहीतली ओळ खोडलीस. का खोडलीस?

तो कर्ल्यू सँडपायपर. हिवाळाभर खाडीच्या चिखलात करडा असतो; सैबेरियाच्या टुंड्रात विणीला जायचं म्हटलं की निघण्याआधीच लाल होऊ लागतो. त्याच चिखलातल्या लांब चोचीच्या गॉडविट पक्ष्याची मानही तेव्हाच तांबूस होते, छोट्या सँड प्लोव्हरच्या छातीवर नारिंगी पट्टा येतो. त्यांत जे करडेच राहतात ती बरेचदा गेल्या वर्षीची पिल्लं. त्यातली कित्येक पावसाळाभर इथेच थांबतात. तेव्हा डोळे तुझे ठीक आहेत.

पण किती होते? भरती कितीला होती? हे लिहिलंच नाहीस, आणि माझा राग त्याचाच आहे. ओहोटीला ही मंडळी दूर चिखलावर पांगतात, पाणी चढून चिखल बुडाला की तळ्यावर विसाव्याला येतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. "सकाळी ७ ला गेले, काहीच नव्हतं" अशा नोंदीतून कुणाला काय कळणार? आकडा लिही, भरती लिही. शून्य असेल तर शून्य लिही.

माझ्या बरोबरीचे मोठ्या लेन्स घेऊन दुर्मीळ पक्ष्यांमागे धावले. मी तेच तळं, तेच पक्षी मोजत बसलो. घरीही ऐकून घेतलं. हट्टी म्हण हवं तर. पण खाडीकाठची एक पाणथळ बुजली, तेव्हा "इथे आधी किती यायचे?" या प्रश्नाला सगळ्यांकडे सुंदर फोटो होते, आकडा एकाकडेही नव्हता. ते अजून सलतं. ठाणे खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली, २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ. चाणक्यसारखी तळी मात्र त्या हद्दीबाहेर. तिथे तुझी वही नसेल तर काय आहे?

ती ओळ पुन्हा लिही. नेमकं आठवत नसेल तर "अंदाजे" असं म्हण, पण आकडा लिही.

मेच्या मध्यापर्यंत बहुतेक निघून जातील. येत्या अमावास्येच्या उधाणाला ये, भरतीच्या तासभर आधी. दुर्बीण माझी वापर. ग्रुपवर कळवू नकोस, गर्दी होते.