रेस्टॉरंटवाला माणूस राज्याचा सीएफओ कसा झाला?

प्रश्न असा आहे की जिमी पॅट्रोनिस नावाचा कट्टर रिपब्लिकन माणूस, घरचा धंदा रेस्टॉरंटचा, तो फ्लोरिडा राज्याचा चीफ फायनान्शियल ऑफिसर कसा काय झाला, सीए-बिए काही लागत नाही का. मी टॅम्पाजवळ बरीच वर्षं राहतोय आणि पोटापाण्यासाठी अकाउंटिंगच करतो, त्यामुळे इथे आल्यावर मलाही हाच प्रश्न पडला होता.

तर नाही लागत. इथल्या राज्यघटनेत अट एवढीच की वय ३० पूर्ण पाहिजे, मतदार पाहिजे आणि ७ वर्षं राज्यात राहिलेला पाहिजे. गंमत म्हणजे त्याच कलमात अ‍ॅटर्नी जनरलला ५ वर्षं फ्लोरिडा बारचा मेंबर असायची अट आहे. म्हणजे वकिलाच्या खुर्चीत वकीलच बसणार, पण तिजोरीच्या खुर्चीत कोणीही चालतो. हे वाचलं तेव्हा माझ्यासारख्या रात्र रात्र जागून परीक्षा दिलेल्या माणसाला जरा लागलंच.

मुळात हा कंपनीतला सीएफओ नव्हेच. हा दर चार वर्षांनी मतं मागणारा माणूस. आपल्याकडच्या अर्थमंत्र्याशीही तुलना करू नका, कारण अर्थमंत्र्याला मुख्यमंत्री खातं देतो आणि काढूनही घेतो, इथे गव्हर्नर सीएफओला असा घरी पाठवू शकत नाही, दोघंही वेगवेगळे निवडून आलेले असतात. बजेटही तो मांडत नाही, ते विधिमंडळ करतं, हा फक्त राज्याची बिलं भागवतो आणि पैसा सांभाळतो. पूर्वी इथे कॉम्प्ट्रोलर, म्हणजे राज्याचा हिशोब तपासणारा, वेगळा होता आणि खजिनदार वेगळा, १९९८ साली लोकांनी मतदान करून दोन्ही पदं एक करायचं ठरवलं आणि जानेवारी २००३ पासून हे नवीन पद आलं. आता तो जुना खजिनदार विमा आणि आग हे दोन्हीही बघायचा, त्यामुळे त्यातलं फायर मार्शलचं, म्हणजे आगीपासून सुरक्षेच्या प्रमुखाचं, काम जसंच्या तसं सीएफओच्या गळ्यात आलं. हो, राज्याचा सीएफओ हाच राज्याचा फायर मार्शल. शिवाय पेन्शन फंड बघणाऱ्या तीन जणांच्या बोर्डावर तो, कैद्यांना माफी द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या बोर्डावरही तो.

आता पॅट्रोनिसचं. ग्रीक मुळाचं कुटुंब, पनामा सिटी बीचला कॅप्टन अँडरसन्स नावाचं सीफूडचं मोठं रेस्टॉरंट, १९६७ पासून त्यांच्याकडे आहे. मी एकदा गेलोय. संध्याकाळीच उघडतं, आधी टेबल बुक करायची भानगड नाही, चारच्या सुमारास लोक दारात रांग लावून उभे, मागे लगूनच्या धक्क्यावर मासेमारीच्या बोटी लागलेल्या आणि पोरं कठड्याला लटकून बोटीतून मासे उतरताना बघतायत. आमच्या हिने तिथेच सांगून टाकलं की आपल्या मालवणातल्या पापलेटाची सर नाही, पण कोळंबी बरी होती. सांगायचा मुद्दा असा की अशा ठिकाणी लहानाचा मोठा झालेला माणूस टेबलाटेबलावर जाऊन हातात हात देत 'सगळं ठीक ना' विचारायला आपोआप शिकतो, आणि पॅट्रोनिसचं अख्खं राजकारण मला त्याच वळणाचं वाटतं. डिग्री म्हणाल तर पॉलिटिकल सायन्सची.

२००६ ते २०१४ तो राज्याच्या हाउसमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत आमदार. इथे सलग ८ वर्षांच्या वर राहता येत नाही, १९९२ साली लोकांनीच तसा नियम केलाय, त्यामुळे ८ वर्षं झाली की प्रत्येक जण पुढची खुर्ची शोधायला लागतो. ह्याला गव्हर्नर रिक स्कॉटने पब्लिक सर्व्हिस कमिशनवर घेतलं, विजेचे वगैरे दर ठरवणारी बॉडी. मग २०१७ मध्ये तेव्हाचा सीएफओ जेफ अ‍ॅटवॉटर टर्म अर्धवट सोडून गेला, आणि कुठे गेला तर फ्लोरिडा अटलांटिक युनिव्हर्सिटीचा सीएफओ व्हायला! तो मूळचा बँकर, राज्याच्या सिनेटचा अध्यक्ष राहिलेला, म्हणजे राजकारणी ते राज्याचा सीएफओ ते खरोखरचा सीएफओ असा प्रवास त्याचा झाला. रिकाम्या खुर्चीवर स्कॉटने पॅट्रोनिसला बसवलं. २०१८ ला निवडणूक लढवली, समोर याहूमध्ये काम केलेला डेमोक्रॅट जेरेमी रिंग होता, तेव्हा थोडक्यात जिंकला. २०२२ ला मात्र आरामात.

माझं मत विचाराल तर ही करिअर हुशारीपेक्षा निष्ठेवर आणि योग्य वेळी रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर उभी आहे. पण काम केलंच नाही असं म्हणणं अन्याय होईल. ऑक्टोबर २०१८ ला मायकल चक्रीवादळ, कॅटेगरी ५, त्याच्याच भागात मेक्सिको बीचला धडकलं, म्हणजे निवडणूक महिन्यावर आणि स्वतःचं गाव आडवं झालेलं. जून २०२१ ला सर्फसाइडची इमारत कोसळली, ९८ माणसं गेली, ढिगारा उपसणाऱ्या टीम फायर मार्शलच्या अंगाने त्याच्याकडेच येत होत्या आणि तो तिथे होता. इयन वादळानंतर समुद्राचं खारं पाणी शिरलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या पेट घ्यायला लागल्या तेव्हा तो जोरात ओरडत होता. लोक म्हणाले ह्याला इलेक्ट्रिक गाड्यांचाच राग आहे, असेलही, पण धोका खरा होता.

जिथे पक्ष आला तिथे मात्र हिशोबनीस गायब. डिसेंबर २०२२ ला ब्लॅकरॉक ह्या बड्या गुंतवणूक कंपनीकडचे राज्याचे सुमारे २ अब्ज डॉलर काढून घेतो म्हणून जाहीर केलं, कारण काय तर ते पर्यावरण आणि सामाजिक मुद्दे बघून गुंतवणूक करतात. अरे, रिटर्न किती मिळाला, फी किती लागली ते सांग ना, सीएफओ आहेस! आणि जानेवारी २०२४ ला तर ट्रम्पच्या कोर्टाच्या खर्चासाठी राज्याकडून ५० लाख डॉलरपर्यंत द्यायच्या बिलाला पाठिंबा, ते बिल स्कॉटनंतरचा गव्हर्नर डिसँटिसने व्हेटोचा इशारा दिल्यावर मागे घेतलं गेलं. लोकांच्या पैशाचा राखणदार म्हणवणाऱ्याने ह्यात पडायलाच नको होतं.

पण तुमच्याआमच्या कामाचं जे आहे ते वेगळंच. मिल्टन वादळात आमच्या छताच्या शिंगल्स उडाल्या, विमा कंपनीचा माणूस आला, खालूनच चार फोटो काढले आणि म्हणे छत जुनंच होतं. कंपनीचं नाव नको. शेजारच्या काकांनी सांगितलं की सीएफओच्या खात्याकडे मेडिएशन, म्हणजे मध्यस्थी, मागा, त्याचा खर्च कंपनीने करायचा असतो. मागितलं, एका टेबलावर बसलो, पूर्ण नाही पण निम्म्याहून जास्त मिळाले.

पॅट्रोनिसने तोपर्यंत गाशा गुंडाळला होता. मॅट गेट्झची काँग्रेसमधली, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतली, सीट रिकामी झाली (परत रिकामी खुर्ची), ३१ मार्च २०२५ ला सीएफओपद सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी पोटनिवडणूक जिंकून वॉशिंग्टनला. साडेतीन महिने खुर्ची तशीच, बिलं भागतच होती. मग जुलैत डिसँटिसने ब्लेझ इंगोलियाला नेमलं, तोही राज्य सिनेटर, धंदा घरं बांधायचा. म्हणजे रेस्टॉरंटनंतर बिल्डर, अकाउंटंटचा नंबर अजून लागलेला नाही.

जाता जाता एक. तुम्ही किंवा घरचं कोणी फ्लोरिडात कधी राहिलं असेल, शिकायला का होईना, तर ह्याच खात्याच्या अनक्लेम्ड प्रॉपर्टीच्या साइटवर नाव टाकून बघा, विसरलेली डिपॉझिटं, जुन्या नोकरीचा न वटवलेला चेक असलं सगळं तिथे पडून असतं. नावाची सगळी स्पेलिंगं टाका, आपली आडनावं इथे कशीही लिहितात. माझे लाइट कनेक्शनच्या डिपॉझिटचे ८७ डॉलर असेच सापडले, आडनावातला एक ए जास्त होता. चेकवर सही जिमी पॅट्रोनिसची.