वाचक विचारतात : परदेशातल्या भाड्याच्या घरातला पलंग

सुट्टीसाठी परदेशात घर घेणाऱ्या वाचकांची पत्रं या महिन्यात बरीच आली. त्यातले पलंगाबद्दलचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही नवराबायको मे महिन्यात पॅरिस आणि रोमला राहणार आहोत. घरी ७२ इंची पलंगाची सवय. घरांच्या माहितीत सगळीकडे नुसतं ‘डबल बेड’ लिहिलेलं असतं आणि फोटोत सगळेच पलंग ऐसपैस दिसतात. खरं माप ओळखायचं कसं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचा ७२ इंची पलंग म्हणजे १८३ सेंमी. पॅरिसमधला जुन्या मापाचा डबल १४० बाय १९० सेंमी असतो, म्हणजे ५५ इंच. माणशी ७० सेंमी. लहान बाळाच्या पाळण्याची गादीसुद्धा ६० सेंमीची असते, यावरून काय ते समजा. १६० बाय २०० चे पलंग आता तिथे बरेच दिसतात. पण झोपायची खोली अगदी लहान असली तर मालक १४० वर थांबतो, नाहीतर दोन्ही बाजूंना उतरायला जागाच उरत नाही. त्यामुळे पॅरिसमध्ये खोली लहान दिसली की पलंगही लहान आहे असं धरून चाला.

रोममध्ये तुमची अडचण कमी. इटलीतला नेहमीचा ‘मात्रिमोनियाले’, म्हणजे दोघांचा पलंग, १६० सेंमी रुंद असतो, लांबी १९० किंवा २००. मात्र ‘फ्रांचेझे’ (फ्रेंच मापाचा) लिहिलं असेल तर तो १४० चा. ‘उना पियात्सा ए मेद्झा’ (दीड माणसाचा) म्हणजे १२०. हा एकट्याला छान, दोघांना शिक्षा.

फोटोवरून अंदाज बांधायचा तर उशा बघा, कारण उशांची मापं त्या त्या देशात बऱ्यापैकी ठरलेली असतात. फ्रान्समधली चौकोनी उशी ६५ सेंमीची. अशा दोन शेजारी-शेजारी ठेवल्यावर गादी जवळजवळ संपलेली दिसली तर ती १४० ची. दोन्हीकडे पंधरा-पंधरा सेंमी, म्हणजे वीतभराहून थोडी कमी, पांढरी चादर दिसत असेल तर बहुधा १६० ची. इटलीत उशी ५० बाय ८० ची, दोन मिळून बरोबर १६० भरतात. त्या एकमेकींवर चढल्या असतील तर पलंग लहान आहे. लांबट आणि चौकोनी उशांची गल्लत मात्र करू नका. शिवाय घरांचे फोटो बहुतेक वाइड लेन्सने काढलेले असतात, त्यात कडेच्या वस्तू ताणल्या जातात. पलंग फोटोच्या कोपऱ्यात असेल तर हा हिशेब सोडून द्या. उशाशी दिवा आणि छोटं टेबल एकाच बाजूला दिसलं तर दुसरी बाजू भिंतीला लागलेली असण्याची शक्यता दाट. रात्री उठणाऱ्याने ओलांडून जायचं.

बुकिंग.कॉमवर पलंगाच्या नावासोबत रुंदीचा पट्टा दिलेला असतो : डबल १३१ ते १५०, लार्ज डबल १५१ ते १८०, एक्स्ट्रा लार्ज १८१ ते २१० सेंमी. उपयोगाचा आहे, पण १६० आणि १८० एकाच पट्ट्यात येतात, आणि तुम्हाला नेमका तोच फरक हवा आहे. एअरबीएनबीवर पलंगाचा प्रकार घरमालकच यादीतून निवडतो. त्याला ‘क्वीन’ (मोठा डबल) वाटतो तो कदाचित १४० चाही असेल.

म्हणून पैसे भरण्याआधी त्या संकेतस्थळाच्या मेसेजमधूनच विचारा, म्हणजे उत्तराची नोंद राहते. ‘पलंग मोठा आहे ना?’ असं विचारलंत तर जगातला प्रत्येक घरमालक ‘हो’ म्हणेल. विचारायचं ते असं : गादीची रुंदी आणि लांबी सेंटिमीटरमध्ये किती? गादी एकच की दोन जोडलेल्या? पायथ्याला फळी आहे का? दोन्ही बाजूंनी उतरता येतं का? जमलं तर गादीवर टेप धरून एक फोटो पाठवाल का? फोटोची मागणी कोणाला खटकत नाही. मोफत रद्द करण्याची मुदत संपायच्या आत उत्तर हातात हवं.

प्रश्न : मुलगा ६ फूट २ इंच आहे. लंडनमध्ये आठवडाभर घर घेतोय. त्याच्यासाठी वेगळी खोली सिंगल बेडची घेतली तर चालेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नाही चालणार. मुलाची उंची १८८ सेंमी आणि ब्रिटनमधला सिंगल ९० बाय १९० चा. उताणं झोपलं की पावलं पुढे झुकतात, वर उशी डोकं खाली सरकवते. त्यामुळे उंचीपेक्षा निदान १० सेंमी लांब गादी लागते. गंमत म्हणजे तिथला डबलही १३५ बाय १९०, लांबी तीच. २०० सेंमी लांबी ‘किंग’पासून सुरू होते (१५० बाय २००), त्यावर ‘सुपर किंग’ १८० बाय २००. मुलगा एकटाच झोपणार असला तरी त्याला किंगची खोली द्या. ती मिळाली नाही तर डबलवर तिरकं झोपता येतं, कर्णाची लांबी २३३ सेंमी भरते.

लांबीइतकाच महत्त्वाचा प्रश्न पायथ्याच्या फळीचा. फळी नसेल तर पावलं बाहेर काढून १९० मध्येही झोप लागते. फळी किंवा लोखंडी नक्षी असेल तर रात्रभर गुडघे मुडपून. गावाकडच्या जुन्या घरांत असे नक्षीचे पलंग फार दिसतात. फोटोत देखणे दिसतात, त्यावर जाऊ नका.

प्रश्न : जर्मनी आणि ऑस्ट्रियाला सासू-सासऱ्यांसोबत जातोय. सासूबाईंचे गुडघे दुखतात. दीड वर्षाचा मुलगा आमच्या दोघांच्या मधे झोपतो. काय बघून घर घ्यावं? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मुलाचं आधी. त्या देशांत १८० बाय २०० चा डबल बेड म्हणजे बहुतेकदा एकाच चौकटीत ९० च्या दोन गाद्या, आणि पांघरुणंही दोन, प्रत्येकी १३५ ते १४० बाय २०० ची. मधे फट राहते आणि रात्री गाद्या सरकल्या की ती रुंदावते. मूल त्या फटीवर झोपवू नका, अडकून गुदमरण्याचा धोका असतो. गादी आणि भिंत यांच्यामधल्या फटीबाबतही तेच. १४० ची सलग गादी मिळते, पण त्यात तिघं मावत नाहीत. तेव्हा लहान मुलाची घडीची खाट मागून घ्या. नेहमीचं माप ६० बाय १२० असतं, दीड वर्षाच्या मुलाला पुरतं. बुकिंग करतानाच मागा आणि तिची गादी, चादर मिळणार का तेही विचारा. नुसता सांगाडा मिळाल्याच्या तक्रारी कमी नाहीत.

मोठ्यांना मात्र दोन गाद्यांचा फायदाच होतो. एकाने कूस बदलली तर दुसऱ्याची गादी हलत नाही, पांघरुणाची ओढाताण नाही.

गुडघ्यांसाठी गादीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून किती उंच आहे ते विचारा. ४५ ते ५५ सेंमी असेल तर कडेवर बसून पाय टेकवून उठता येतं. ३० च्या आसपासचे सपाट लाकडी पलंग फोटोत छान दिसतात आणि सकाळी उठताना रडवतात. सर्वांत वरच्या मजल्यावरचं, उतरत्या छपराखालचं घर असेल तर पलंगाच्या उशाशी छताची उंची किती हेही विचारा. अंधारात उठून बसताना डोकं आपटतं.

प्रश्न : ‘सहा जणांसाठी’ असं लिहिलेल्या घरात सहा माणसं खरोखर झोपतात का? – एक वाचक, पणजी

उत्तर : झोपतात, पण कशी ते बघा. अशा घरात बऱ्याचदा दोन जागा सोफा-कम-बेडच्या धरलेल्या असतात, कधी दोन पोटमाळ्यावरच्या.

सोफ्याचे प्रकार दोन. पाठ मागे पाडून सपाट होणारा, फ्रान्समध्ये त्याला ‘क्लिक-क्लॅक’ म्हणतात. उघडल्यावर साधारण १३० बाय १९०, आणि बसायचा भाग व पाठ यांच्यामधली खाच झोपणाऱ्या दोघांच्या बरोबर मधून जाते. एका माणसासाठी ठीक. दुसरा, बैठकीखालून गादी ओढून काढायचा. याची गादी घडी होण्यासाठी पातळ ठेवलेली असते, दहा-बारा सेंमीची, आणि खालचा लोखंडी दांडा कंबरेला लागतो. जाडी विचारा; दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम असेल तर तिथे किशोरवयीन मुलांना झोपवा, आजी-आजोबांना नाही. सोफा दिवाणखान्यात असतो, म्हणजे तिथे झोपणाऱ्याला सगळे झोपेपर्यंत झोप नाही आणि स्वयंपाकघरात पहिला कप वाजला की जाग.

पोटमाळा असेल तर शिडी की जिना, कठडा आहे का आणि वर उंची किती हे विचारा. फ्रान्समध्ये इमारतीतला फ्लॅट विकताना क्षेत्रफळ मोजतात तेव्हा १.८० मीटरपेक्षा कमी उंचीचा भाग धरतच नाहीत. भाड्याच्या जाहिरातीत मात्र तीच जागा ‘झोपायची खोली’ म्हणून येते. दुमजली खाटेच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षांखालचं मूल झोपवू नये.

प्रश्न : टोकियोत ‘सेमी-डबल’ खोली दोघांसाठी स्वस्त मिळतेय. घ्यावी का? – एक वाचक, पुणे

उत्तर : तिथला सेमी-डबल पलंग म्हणजे जेमतेम १२० सेंमी रुंद. एका रात्रीसाठी घ्या, आठवड्यासाठी नको. त्याच हॉटेलातली ‘ट्विन’ खोली, म्हणजे शंभरेक सेंमीचे दोन पलंग, थोडी महाग पडेल पण झोप होईल. अमेरिकेत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे ‘ट्विन’ म्हणजे ९७ सेंमीचा एकच सिंगल पलंग, आणि ‘टू डबल्स’मधला प्रत्येक पलंग १३७ चा. दोघांसाठी तिथे क्वीन (१५२) किंवा किंग (१९३) घ्या.

प्रश्न : पोहोचल्यावर कळलं की १८० सांगितलेला पलंग म्हणजे दोन सुटे सिंगल एकमेकांना चिकटवलेले. अशा वेळी काय करता येतं? – एक वाचक, नागपूर

उत्तर : आधी फोटो, मग दुरुस्ती. गादीवर टेप धरून फोटो काढा (शिवणाचा कापडी टेप बॅगेत सहज मावतो) आणि लगेच संकेतस्थळाच्या मेसेजमधून मालकाला पाठवा. एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावी लागते. फोनवर बोलणं झालं तरी तेच लिहूनही पाठवा.

त्या रात्रीपुरतं करायचं ते असं. पलंग सरकतात ते गुळगुळीत फरशीमुळे, म्हणून एका पलंगाची बाहेरची बाजू भिंतीला टेकवा. दोन्ही पलंगांचे आतले पाय बॅगेच्या पट्ट्यांनी आवळून बांधा, डोक्याकडचे एका पट्ट्याने आणि पायथ्याचे दुसऱ्याने. नुसत्या गाद्या बांधून उपयोग नाही, खालच्या चौकटी वेगळ्या होतातच. फटीत जाड टॉवेलची घट्ट गुंडाळी लांबीने दाबून बसवा, ती गादीच्या पातळीला यायला हवी, वर उंचवटा नको. त्यावर कपाटातली जादा रजई आडवी पसरा आणि मग चादर. दोन गाद्यांची जाडी वेगळी असेल तर यातलं काही चालत नाही. तेव्हा पलंग सरळ वेगळे करा. गाद्या जमिनीवर उतरवायच्या तर मालकाला विचारूनच, गादीला डाग पडला तर भरपाई तुमच्याकडून मागतील.